मजकूर चौकटीबाहेर का जातो? सीएसएस आणि वेगवेगळ्या ब्राउझरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातल्या दुकानांच्या, शाळांच्या आणि यंत्रमाग कारखान्यांच्या वेबसाइट करताना आमच्याकडे शिकायला येणारी मुलं आणि गिऱ्हाइकं पुन्हा पुन्हा जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. सीएसएस म्हणजे वेबपान कसं दिसावं हे ब्राउझरला सांगणारे नियम. कोडमधली नावं आपण बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये मात्र ती नेहमीच्या रोमन अक्षरांत, हायफन आणि आकड्यांसकट टाकायची.

मजकूर चौकटीबाहेर सांडतो, म्हणजे ब्राउझर बिघडलाय का?

नाही. ओळ कुठे मोडायची याचे ब्राउझरचे नियम ठरलेले आहेत: दोन शब्दांमधली मोकळी जागा, हायफन, अशी काही ठिकाणं. ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ हे नाव कितीही लांब असलं तरी त्यात चार ठिकाणी जागा आहे, त्यामुळे अरुंद फोनवरही ते दोन-तीन ओळींत नीट उतरतं. पण पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक, लांबलचक ई-मेल किंवा एखादी लिंक यांत मोडायला जागाच नसते. मग ती चौकट ओलांडून पुढे जाते.

चौकटीबाहेर गेलेल्या मजकुराचं काय करायचं हे ठरवणाऱ्या ओव्हरफ्लो या गुणधर्माची मूळ किंमत (व्हॅल्यू) व्हिजिबल, म्हणजे दिसणारं, ही आहे. तुम्ही काहीच सांगितलं नाही तर ब्राउझर मजकूर लपवत नाही, बाहेर सांडलेला दाखवतो. मला हा निर्णय फार योग्य वाटतो. सांडलेला मजकूर वाईट दिसतो, पण दिसतो, आणि म्हणून कुणीतरी तो दुरुस्त करतं.

मग सरळ ‘ओव्हरफ्लो: हिडन’ लावून बाहेर गेलेला मजकूर लपवून टाकला तर?

एका चादरीच्या व्यापाऱ्याची यादी मी अशीच ‘स्वच्छ’ केली होती. मोबाइलवर दोन रकाने आणि प्रत्येक चादरीखाली एका ओळीत नाव. एक नाव होतं ‘सोलापुरी जेकार्ड चादर, कॉटन, सिंगल बेड, ६० × ९० इंच’ आणि दुसरं ‘सोलापुरी जेकार्ड चादर, कॉटन, डबल बेड, ९० × १०० इंच’. कापल्यावर दोन्हींचं उरलं ‘सोलापुरी जेकार्ड चा’. फोटो जवळपास सारखे, नावं सारखी, भाव मात्र वेगळे. लोक दुकानात फोन करून विचारायला लागले की एकाच चादरीला दोन भाव कसे. आठवडाभर मालकांना हे प्रत्येकाला समजावून सांगावं लागलं, आणि कारण होती माझी ती एक ओळ.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. आधी चौकट वाढू द्यायची. ते जमत नसेल तर शब्द मोडू द्यायचा. तेही शक्य नसेल तरच मजकूर कापायचा, आणि कापताना टिंबं दाखवायची. भाव, माप, तारीख, फोन नंबर आणि क्रमांक कधीही कापायचे नाहीत. त्या चादरींचं माप आता नावातून काढून खाली स्वतंत्र ओळीत दिलंय. हे काम सीएसएसचं नव्हतंच, मजकुराची मांडणी चुकली होती.

हिडनचे आणखी दोन त्रास आहेत. त्याच्या आतलं स्टिकी शीर्षक, म्हणजे पान सरकवलं तरी वर चिकटून राहणारं, तसं चिकटून राहत नाही. आणि इनलाइन-ब्लॉकला, म्हणजे ओळीत शब्दासारखा बसणाऱ्या चौकटीला, हिडन लावलं की त्याची आधाररेषा बदलते, शेजारच्या मजकुरापेक्षा तो थोडा वर उचलल्यासारखा दिसतो. तिथे ‘व्हर्टिकल-अलाइन: बॉटम’ द्या.

टेक्स्ट-ओव्हरफ्लो: एलिप्सिस लिहिलं, तरी तीन टिंबं येत नाहीत. का?

एलिप्सिस एकट्याने काही करत नाही. त्याला दोन सोबती लागतात: ‘ओव्हरफ्लो: हिडन’ आणि ओळ मोडू न देणारं ‘व्हाइट-स्पेस: नोरॅप’. शिवाय घटक ब्लॉक किंवा इनलाइन-ब्लॉक असावा लागतो आणि त्याच्या रुंदीला काहीतरी मर्यादा हवी. साध्या स्पॅनवर (ओळीतल्या मजकुराच्या तुकड्याभोवती घालायचा टॅग) हे तिन्ही लावून बसलेली मुलं मी दर महिन्याला पाहतो. स्पॅन इनलाइन असतो, त्याला रुंदी लागूच होत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘डिस्प्ले: फ्लेक्स’ असलेल्या, म्हणजे आतले घटक एका ओळीत शेजारी-शेजारी बसवणाऱ्या, घटकावरच एलिप्सिस लावणं. फ्लेक्सच्या थेट आत लिहिलेल्या मजकुराला टिंबं येत नाहीत. मजकूर एका स्पॅनमध्ये घाला आणि त्या स्पॅनला एलिप्सिस द्या. फ्लेक्सच्या आत आल्यावर तो स्पॅन आपोआप ब्लॉकसारखा वागतो.

हा गुणधर्म पहिल्यांदा इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये आला. फायरफॉक्समध्ये यायला २०११ साल आणि सातवी आवृत्ती उजाडली. आज तो सगळीकडे चालतो. टिंबांऐवजी स्वतःचा मजकूर देण्याची सोय मात्र फायरफॉक्सपुरतीच आहे, तिच्यावर विसंबू नका.

सगळं बरोबर लिहिलंय, तरी फ्लेक्समध्ये नाव आकसत नाही आणि भाव बाहेर ढकलला जातो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा थांबून सांगतो.

समजा एका ओळीत डावीकडे मालाचं नाव आहे आणि उजवीकडे भाव. नाव एका डिव्हच्या, म्हणजे साध्या चौकटीच्या, आत आहे आणि एलिप्सिस त्या आतल्या नावाला दिलाय. तुमची अपेक्षा अशी की जागा कमी पडली तर नाव आकसेल. पण फ्लेक्सच्या आतल्या प्रत्येक घटकाची किमान रुंदी, म्हणजे मिन-विड्थ, मुळात ऑटो असते. याचा अर्थ, खुद्द त्या घटकावर हिडन नसेल, तर आतला मजकूर मोडून जितका अरुंद होऊ शकतो त्याच्या खाली घटक आकसणार नाही. नोरॅप लावल्यावर मजकूर मोडतच नाही, म्हणून अख्खी ओळ हीच त्याची किमान रुंदी होऊन बसते.

उपाय एका ओळीचा आहे. फ्लेक्सच्या थेट आत असलेल्या त्या डिव्हला ‘मिन-विड्थ: ०’ द्या. भावाला ‘फ्लेक्स-श्रिंक: ०’ द्या, म्हणजे तो जागचा हलणार नाही. एलिप्सिसचा घटक दोन-तीन फ्लेक्सच्या आत असेल तर वरच्या प्रत्येक पायरीवर ‘मिन-विड्थ: ०’ लागतं. एक पायरी सुटली तरी सगळं अडतं, आणि बहुतेकांची तीच सुटलेली असते.

ग्रिडमध्ये, म्हणजे रकान्यांच्या मांडणीत, याचंच भावंड आहे. रकान्याला उरलेल्या जागेचा एक वाटा देणारं ‘१एफआर’ लिहिलं की त्या रकान्याचं किमान माप ऑटो धरलं जातं. त्याऐवजी ‘मिनमॅक्स(०, १एफआर)’ लिहा.

दोन किंवा तीन ओळी दाखवून मग टिंबं हवी असतील तर?

चार ओळी एकत्र लिहायच्या: ‘डिस्प्ले: -वेबकिट-बॉक्स’, ‘-वेबकिट-बॉक्स-ओरिएंट: व्हर्टिकल’, ‘-वेबकिट-लाइन-क्लॅम्प: २’ आणि ‘ओव्हरफ्लो: हिडन’. नावात वेबकिट असलं तरी हे क्रोम, सफारी, एज यांच्याबरोबर फायरफॉक्समध्येही चालतं, २०१९ सालच्या ६८व्या आवृत्तीपासून.

त्या घटकाला खालून पॅडिंग, म्हणजे कडेच्या आतली मोकळी जागा, देऊ नका. तिसऱ्या ओळीचा वरचा भाग, म्हणजे नेमकी शिरोरेषा, त्या पॅडिंगमध्ये डोकावते. पॅडिंग बाहेरच्या चौकटीला द्या. आणि तुमच्या संगणकावर चालतं पण सर्व्हरवर चढवल्यावर चालत नाही, असं झालं तर तयार झालेली सीएसएस फाइल उघडून पाहा. जुने प्रिफिक्स (नावापुढचे ‘-वेबकिट-’सारखे तुकडे) काढून टाकणारी साधनं ओरिएंटची ओळ जुनी समजून उडवतात.

ओव्हरफ्लो-रॅप, वर्ड-रॅप, वर्ड-ब्रेक… यातलं वापरायचं कोणतं?

वर्ड-रॅप हे जुनं नाव, मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमधून आलेलं. पुढे सीएसएसच्या अधिकृत मानकात त्याचंच नाव ओव्हरफ्लो-रॅप झालं. जुनं नावही ब्राउझर अजून ओळखतात.

‘ओव्हरफ्लो-रॅप: ब्रेक-वर्ड’ म्हणजे आधी शब्द अख्खा खालच्या ओळीत नेऊन पाहा, तिथेही मावला नाही तरच मोडा. ‘वर्ड-ब्रेक: ब्रेक-ऑल’ म्हणजे ओळ भरली की असेल तिथे मोडा, मग पुढचा शब्द छोटा का असेना. दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ब्रेक-ऑल लावलेल्या पानावर ‘अक्कलकोट’ हा साधा शब्दही ‘अक्कल’ आणि ‘कोट’ असा दोन ओळींत तुटलेला दिसेल.

तिसरी किंमत आहे ‘एनीव्हेअर’. दिसायला ती ब्रेक-वर्डसारखीच, पण चौकटीची किमान रुंदी काढतानाही ती शब्द मोडता येईल असं धरते. त्यामुळे फ्लेक्स, ग्रिड आणि टेबलात जिथे ब्रेक-वर्ड लावूनही चौकट आकसत नाही, तिथे एनीव्हेअर काम करतं. सफारीत ते १५.४ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून आहे. म्हणून आधी ब्रेक-वर्डची ओळ लिहा आणि तिच्याखाली एनीव्हेअरची. ज्या ब्राउझरला दुसरी कळत नाही तो पहिली पाळतो.

लिंकसाठी याहून चांगला उपाय म्हणजे प्रत्येक तिरक्या रेषेनंतर ‘इथे ओळ मोडली तरी चालेल’ असं सांगणारा डब्ल्यूबीआर टॅग घालणं. मग लिंक वाचता येईल अशा जागीच मोडते.

मराठी मजकुराला ब्रेक-ऑल चालेल का?

नको. मनापासून सांगतो, नको.

रोमन लिपीत अक्षर म्हणजे एक चिन्ह. आपलं अक्षर अनेक चिन्हांचं बनतं. ‘क्षेत्र’ या शब्दात वाचणाऱ्याला दोन अक्षरं दिसतात, संगणकाकडे मात्र सात चिन्हं असतात: क, हलन्त, ष, एकार, त, हलन्त, र. मात्रा सहसा व्यंजनापासून तुटत नाही, तेवढी काळजी ब्राउझर घेतात. पण जोडाक्षर कितीतरी वर्षं त्यांच्या लेखी दोन तुकडे होते. हलन्तापाशी तुकडा पडायचा. युनिकोडने जोडाक्षर एकसंध धरायचा नियम १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली घातला. गिऱ्हाइकाच्या जुन्या फोनवरचा ब्राउझर तो पाळेलच असं नाही. मग ‘सिद्धेश्वर’ एका ओळीत ‘सिद्धेश्’ आणि खालच्या ओळीत ‘वर’ असा होऊ शकतो. ग्रामदैवताचं नाव असं तुटलेलं सोलापुरात कुणालाही खटकेल.

मराठीत जागा नसलेले फार लांब शब्द तसे कमी असतात. ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’, ‘जिल्हाधिकाऱ्यांकडून’ असे प्रत्यय जडलेले शब्द हीच साधारण मर्यादा. चौकट त्यापेक्षा रुंद ठेवणं बहुतेक वेळा शक्य असतं.

शब्द हायफन घालून आपोआप तोडणारं ‘हायफन्स: ऑटो’ मराठीत चालतं का?

त्यासाठी ब्राउझरकडे त्या भाषेचे शब्द तोडण्याचे नियम असावे लागतात आणि एचटीएमएलमध्ये भाषा ‘एमआर’ अशी लिहिलेली असावी लागते. नियम नसतील तर काहीच होत नाही, नुकसानही नाही. जुन्या सफारीसाठी वेबकिटचा प्रिफिक्स लावा. नक्की जागी मोडायचं असेल तर शब्दात सॉफ्ट हायफन (ओळ मोडली तरच दिसणारा) घाला, तो सगळीकडे चालतो. फक्त तो मालाच्या नावासोबत डेटाबेसमध्ये साठवू नका, नाहीतर शोध घेताना ते नाव सापडणार नाही.

मजकूर आडवा बसतो, पण वरचे रफार आणि खालचे उकार कापले जातात.

हा खास आपल्या लिपीचा प्रश्न आहे आणि इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांत तो सहसा सापडत नाही. देवनागरी शिरोरेषेच्या वरही चढते आणि खालीही उतरते. ‘विद्यार्थ्यांचं’ यात रफार आणि अनुस्वार एकमेकांशेजारी वर बसतात. इंग्रजीसाठी बनवलेल्या टेम्प्लेटमध्ये शीर्षकाला ‘लाइन-हाइट: १’ असतं. नुसतं असेल तर ओळी एकमेकींना भिडतात, आणि एलिप्सिससाठी हिडन लावलं की वरचं-खालचं थेट कापलं जातं. अनुस्वार गेला की शब्दच बदलतो. हे मला सहन होत नाही.

मी मराठीला लाइन-हाइट १.५ च्या खाली नेत नाही, लांब मजकुराला १.७ देतो. एका ओळीच्या एलिप्सिसला वर-खाली थोडं पॅडिंगही चालतं, कारण हिडन पॅडिंगच्या बाहेरच्या कडेला कापतं. वर सांगितलेल्या दोन ओळींच्या क्लॅम्पला मात्र पॅडिंग नाही, तिथे लाइन-हाइटच वाढवायची.

याहून नेमका उपाय आता उपलब्ध आहे: ‘ओव्हरफ्लो-एक्स: क्लिप’. हिडन आडवं लावलं की उभं व्हिजिबल ठेवता येत नाही, ब्राउझर ते ऑटो करून टाकतो. क्लिपला ही अट नाही. आडवं कापतं, उभं मोकळं राहतं आणि टिंबंही येतात. क्रोम ९०, फायरफॉक्स ८१ आणि सफारी १६ पासून चालतं. आधी ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’ची ओळ लिहून मग क्लिपची लिहा.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातल्या काही दुकानांना पाटीसारखंच वेबसाइटवरही नाव मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तिन्ही लिप्यांत हवं असतं. तिथे जास्त जपा. तेलुगू आणि कन्नडमध्ये जोडाक्षरातलं दुसरं व्यंजन मुख्य अक्षराच्या खाली लटकतं, देवनागरीच्या उकाराहूनही खोल. मराठीत नीट बसलेली ओळ तेलुगूत खालून कापलेली निघते. तिन्ही लिप्यांचा मजकूर टाकून पाहिल्याशिवाय उंची ठरवू नका.

माझ्या लॅपटॉपवर बरोबर बसतं, गिऱ्हाइकाच्या फोनवर सांडतं. दोन्हीकडे क्रोमच आहे.

बहुतेक वेळा फॉन्ट वेगळा असतो. तुम्ही फॉन्ट दिला नाही तर विंडोजवर मराठी निर्मला यूआयमध्ये दिसतं, जुन्या विंडोजवर मंगलमध्ये, अँड्रॉइडवर सहसा नोटो सान्स देवनागरीत आणि आयफोनवर कोहिनूर देवनागरीत. तोच शब्द प्रत्येकात वेगळी जागा घेतो. मुक्तासारखा एक वेब फॉन्ट सगळीकडे दिला तर निम्मी तफावत मिटते. तरी फॉन्ट उतरेपर्यंत आधी यंत्रातला फॉन्ट दिसू शकतो, म्हणून रुंदी काटेकोर ठेवू नका.

दुसरं कारण म्हणजे भारतात आयफोनवरचं क्रोम आतून सफारीचंच वेबकिट इंजिन वापरतं. आयफोनवरची अडचण शोधायची तर सफारीची म्हणूनच शोधा.

तिसरं कारण जुनी यंत्रं. बाजारात हिशेबाला ठेवलेल्या संगणकांवर अजून विंडोज ७ दिसतं. तिथे क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. ‘टेक्स्ट-रॅप: बॅलन्स’ने शीर्षकाच्या ओळी सारख्या होतात हे खरं, पण ते क्रोम ११४ मध्ये आलं. अशा गोष्टी शोभेपुरत्या वापरा. मजकूर दिसणं-न दिसणं त्यांच्यावर टाकू नका.

टेबलातला मजकूर?

टेबल स्वतःच्या मजकुराप्रमाणे रुंद होतं, तुमची टक्केवारी ते फारशी मानत नाही. ‘टेबल-लेआउट: फिक्स्ड’ आणि रुंदी १०० टक्के दिली की रकाने ठरल्याप्रमाणे राहतात आणि एलिप्सिसही चालतो. पण आकड्यांचं टेबल असेल, उदाहरणार्थ जिल्ह्यातल्या अकरा तालुक्यांची दरपत्रकं, तर ते मोडू नका. टेबलाभोवती एक डिव्ह घाला, त्याला सीएसएसमध्ये ‘ओव्हरफ्लो-एक्स: ऑटो’ आणि एचटीएमएल टॅगवर ‘टॅबइंडेक्स’ ० द्या. बोटाने सरकवता येईल आणि कीबोर्डनेही.

पूर्ण पानच आडवं सरकतं. दोषी घटक कसा शोधू?

सगळ्या घटकांना लाल आउटलाइन द्या. बॉर्डर नको, बॉर्डर जागा घेते आणि मापं बदलते. पानाच्या उजव्या कडेबाहेर गेलेली लाल रेघ लगेच दिसते. रुंदी ‘१००व्हीडब्ल्यू’, म्हणजे ब्राउझरच्या खिडकीची पूर्ण रुंदी, अशी कुठे लिहिलीय का तेही बघा. या मापात उभी स्क्रोलपट्टीही धरली जाते. मॅकवर पट्टी सहसा मजकुरावर तरंगते म्हणून काही कळत नाही, विंडोजवर ती जागा घेते आणि पान तेवढंच बाहेर जातं. १०० टक्के लिहा.

बॉडीला ‘ओव्हरफ्लो-एक्स: हिडन’ लावून मोकळं होऊ नका. सांडलेला भाग कुणाच्या तरी फोनवर कायमचा नाहीसा होतो.

जावास्क्रिप्टने पहिली वीस अक्षरं घेऊन पुढे टिंबं लावली तर?

जावास्क्रिप्टमधलं तुकडा कापणारं स्लाइस अक्षरं मोजत नाही, चिन्हं मोजतं. ‘सोलापूर’ आपल्याला चार अक्षरी, त्याला सात. ‘सिद्धेश्वर’ची पहिली आठ घेतली तर ‘सिद्धेश्’ असा हलन्त लटकतो. शक्य असेल तिथे कापणं सीएसएसवरच सोपवा. कापायचंच असेल तर जावास्क्रिप्टमधलं, शब्दांच्या सीमा ओळखणारं इंटल.सेगमेंटर वापरा आणि शब्दाच्या सीमेवर कापा, अक्षराच्या नाही. फायरफॉक्समध्ये ते २०२४ साली १२५व्या आवृत्तीत आलं, त्याआधीच्यांसाठी शेवटच्या मोकळ्या जागेपर्यंत मागे जाऊन कापणं पुरतं.

मजकुरात जागा आहेत, तरी ओळ मोडत नाही!

त्या जागा साध्या नाहीत. वर्डमधून किंवा दुसऱ्या वेबपानावरून मजकूर चिकटवला की साध्या जागेऐवजी बऱ्याचदा ‘न मोडणारी जागा’ येते. दिसायला तंतोतंत तशीच. अख्खं वाक्य एकच शब्द होऊन बसतं. मजकूर साठवताना अशा जागा साध्या करून घ्या. आकडा आणि एकक यांच्यामध्ये मात्र तीच मुद्दाम वापरा, ‘९० इंच’ दोन ओळींत तुटायला नको.

अक्षरं जवळ आणून बसवू का?

नको. लेटर-स्पेसिंगला हात लावला की शिरोरेषा तुटते किंवा अक्षरं एकमेकांत घुसतात.

कापलेला मजकूर लोकांनी वाचायचा कसा?

एचटीएमएल टॅगवर टायटल लावलं की झालं, असं समजू नका. त्याची छोटी पट्टी माउस वर नेल्यावर दिसते आणि आपली बहुतेक गिऱ्हाइकं फोनवर आहेत. कापलेल्या मजकुराला दाबल्यावर पूर्ण उघडण्याची सोय द्या किंवा तो जिथे पूर्ण आहे त्या पानाची लिंक द्या. अंधांसाठी पान मोठ्याने वाचणारा स्क्रीन रीडर सीएसएसने कापलेला मजकूर पूर्ण वाचतो, ही जमेची बाजू. पण डोळ्यांना कमी दिसणारे वडीलधारे स्क्रीन रीडर वापरत नाहीत, अक्षर मोठं करतात. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे डब्ल्यूसीएजीचे निकष सांगतात की मजकूर २०० टक्के मोठा केला तरी काही हरवू नये आणि ३२० पिक्सेल रुंदीत आडवं सरकवावं लागू नये. त्यामुळे मजकूर असलेल्या कोणत्याही चौकटीला पिक्सेलमध्ये पक्की उंची देऊ नका. बटणालाही नाही. ‘मिन-हाइट’ द्या.

गिऱ्हाइकाला दाखवण्याआधी काय तपासू?

नमुन्याला कुठलाही लॅटिन मजकूर टाकू नका, त्यातून आपल्या लिपीचं काहीच कळत नाही. आम्ही एक छोटी फाइल ठेवली आहे. तिच्यात विद्यापीठाचं पूर्ण नाव आहे, २७ने सुरू होणारा एक नमुन्याचा जीएसटी क्रमांक, जागा नसलेली लांब लिंक, ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’, तेलुगू आणि कन्नडमधली दुकानाच्या नावाची एक-एक ओळ, वर्डमधून चिकटवलेलं एक वाक्य आणि एक पूर्ण रिकामी नोंदही. ती प्रत्येक चौकटीत टाकायची, रुंदी ३२० पिक्सेलवर आणायची, झूम २०० टक्के करायचा. मग क्रोम, फायरफॉक्स, एक स्वस्तातला अँड्रॉइड आणि कुणाचा तरी आयफोन मागून त्यावर एकदा. सगळं मिळून अर्धा तास लागतो.